केळीच्या बुंध्याला नाव

पाटी १.
*साल. मुतुबाच्या झाडाची साल सोलून, वाफवून, मोगरीनं कुटून केलेलं कापड. कारागीर: वस्तीतले अनेकजण. मालक: समाज. कृपया हात लावू नये.*

"मालक समाज, आणि समाजानंच हात लावायचा नाही?" नब्बोसानं विचारलं.

"तू पाट्या लिहायला आहेस की भांडायला?" रॉजर्स म्हणाला.

तिनं लिहिली. पाट्या लिहिणं हे तिचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे माणसं आणणं. कंपालाहून मसाकाला जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं पूर्वी कॉफीची पोती रचलेली असायची त्या इमारतीत रॉजर्स सेकिट्टोनं गॅलरी काढली होती. पांढऱ्या भिंती, वर दिवे, दाराशी काचेचा फलक. वस्ती तिला अजून गोदामच म्हणत होती. रॉजर्सला मदत देणाऱ्या परदेशी संस्थेची एकच अट होती. चित्रं कुठलीही लावा, पण बघायला आजूबाजूची माणसं आली पाहिजेत. म्हणून नब्बोसा. ती याच वस्तीतली, हिच्या आईला सगळे ओळखतात, हिच्या बापाला तर सगळ्यांनी खांदा दिलेला.

पहिल्या प्रदर्शनाला माणसं आली होती, नाही असं नाही. बाजारातल्या बायकांचे मोठे मोठे फोटो लावले होते. बायका आल्या, सोडा प्याल्या, स्वतःचं तोंड बघून पोट धरून हसल्या. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं आपला फोटो खिळ्यावरून उतरवला, डोक्यावर घेतला आणि घरी गेली. रॉजर्स आधी "चोरी, चोरी" म्हणून नाचला. मग वर्षाच्या अहवालात त्यानंच लिहिलं, 'समाजाचा सक्रिय सहभाग'.

यंदा सालीचं कापड. लुबुगो.

•

पाटी २. (ही लावलीच नाही.)
*लुबुगो उसना मिळत नाही.*

ती दारोदार फिरली. मातीच्या रंगाचं ते कापड प्रत्येक घरात होतं, पेटीच्या तळाशी, घडी करून. बायकांनी तिला उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके वाढलं, शेंगदाण्याचं कालवण वाढलं, चटईवर बसवून घेतलं. कापडाचं नाव काढलं की मात्र वाढणं थांबे.

"लुबुगो उसना?" शेजारची म्हातारी नाकाब्बिरी हसली तेव्हा तिचा उरलेला दात दिसला. "अगं, लुबुगो मेलेल्याला देतात. आणि तो कधी परत करत नाही."

"भिंतीवर लावायचाय आजी. बघायला."

"भिंत मेली का?"

नब्बोसा रिकाम्या हातांनी परतली. रॉजर्सनं तिला समोर बसवलं, स्वतःच्या हातानं चहा ओतला आणि म्हणाला, "मला सांग ना, तुमच्याकडं मातीच्या वेळी नेमकं काय करतात. मी कंपालाचा पोरगा, मला कोणी बघूच दिलं नाही."

तिनं सांगितलं. प्रत्येक घर एक लुबुगो आणतं. कुणी काय आणलं ते मोठ्यानं सांगतात. मेलेल्याला एकावर एक गुंडाळतात. मातीला आणलेलं कापड घरी परत नेत नाहीत. नेलं तर ते कापड घरातलाच एखादा जीव मागतं.

"आणि प्रेतच नसेल तर?"

हे त्यानं कशाला विचारलं, आणि आपण कशाला सांगितलं, याचा तिनं पुढं पुष्कळ विचार केला. रॉजर्स ऐकायचा फार छान. माणूस ऐकत असला की आपण बोलत जातो. तिनं सांगितलं, प्रेत नसेल तर केळीचा बुंधा घेतात. माणसाएवढा कापतात, लुबुगोत गुंडाळतात, त्याच्यासाठी रडतात, त्याला नाव देतात आणि पुरतात. नाव दिलं की माणूस मेला. मग बायको मोकळी, जमीन मोकळी, वारस बसवायला घर मोकळं.

आणि मग तिनं मुबिरूचं सांगितलं. तिचा धाकटा भाऊ. मोठ्या तळ्यातल्या बेटांकडं मासळीला गेला. होडी परत आली ती पालथी. बाकीचे सगळे तळ्यानं काठाला आणून टाकले, मुबिरू नाही. थोरले काका बुंधा कापायला निघाले तेव्हा आई कोयता घेऊन केळीच्या बागेत उभी राहिली. "तळं माणूस खातं तेव्हा हाडं परत करतं. हाडं दाखवा, मग बुंधा कापा." काका गप्प बसले. मुबिरूची बायको नामाटोवूही गप्प बसली. तेव्हापासून घरात मुबिरू मेलाही नाही आणि आलाही नाही.

"तुला काय वाटतं?" रॉजर्सनं हळूच विचारलं.

"मेला तो," नब्बोसा म्हणाली. हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं, आणि तेही गोदामात, परक्याच्या चहावर. "पण आईसमोर म्हणायची कुणाची छाती आहे?"

रॉजर्सचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते. त्यात खोटं काही नव्हतं.

•

पाटी ३.
*आवाज. निलगिरीचा खांब, चार कर्णे, तार, एक माणूस.*

हे प्रदर्शनात नव्हतं, पण असायला हरकत नव्हती. वस्तीच्या मधोमध खांबावर चार कर्णे होते. खालच्या पत्र्याच्या खोलीत सालोंगो बसायचा. जुळ्यांचा बाप, म्हणून सगळे सालोंगो म्हणत, खरं नाव त्यालाही आठवायला वेळ लागे. हरवलेली शेळी, आलेला डॉक्टर, गेलेला माणूस, सगळं त्याच्या तोंडून वस्तीला कळायचं.

माणसं येत नाहीत, कापडं मिळत नाहीत, शनिवार तोंडावर आला. नब्बोसा सालोंगोकडं गेली.

"काय सांगू?"

"सांग, शनिवारी चार वाजता सगळ्यांनी गोदामात या. येताना लुबुगो घेऊन या. नब्बोसा बोलावते आहे म्हणून सांग."

सालोंगोनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "चार?"

चार ही मातीची वेळ. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? तिनं रॉजर्सला म्हटलंही होतं, तीन ठेवा, पाच ठेवा. तो म्हणाला होता, चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं, त्या उन्हात साल पेटल्यासारखी दिसते. आणि लोक काही मूर्ख नाहीत नब्बोसा, त्यांना प्रदर्शन कळतं.

"चारच," ती म्हणाली.

"आधी गाणं लावू का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. रॉजर्स. खुर्च्या कमी पडतायत. "लाव रे, नेहमी लावतोस ते," असं म्हणत ती बाहेर पडली.

लुबुगोचं नाव आलं की सालोंगो नेहमी एकच गाणं लावायचा, माणूस गेल्याचं. रस्त्यावर मोटारसायकलवाल्याशी खुर्च्यांचा भाव करत असताना तिच्या डोक्यावरून ते गेलं. तिनं ऐकलं नाही. बाकी सगळ्या वस्तीनं ऐकलं. आई तेवढी नव्हती. ती मावशीकडं कालिसिझोला गेली होती, शनिवारी परतणार होती.

•

दारात ऐकू आलेलं:

"फार वाईट झालं गं."
"सोस बाई. सोसण्यावाचून काय आहे."
"तूच केलंस हे बरं झालं. कुणीतरी करायलाच हवं होतं."
"आई कुठंय? नाही आली? नसेलच येणार. कशी येईल."
"हे आमच्या घरचं. लहान आहे, पण नवं आहे."
"आत कुठं बसायचं? बायका डावीकडं का?"

माणसं येत होती. इतकी की रॉजर्स शिडीवरून उतरला आणि तिच्या कानात म्हणाला, "तू जादूगार आहेस." बायकांनी बुसुटी नेसून कमरेला पट्टा घट्ट बांधला होता, पुरुष पायघोळ पांढऱ्या कान्झूत. प्रत्येकाच्या काखेत घडी. नब्बोसा दारात प्रत्येकासमोर गुडघे टेकून नमस्कार करत होती, कारण पाहुण्यांसमोर गुडघे टेकतात. दारात गुडघे टेकून लुबुगो घेणारी बाई पाहुण्यांना कशी दिसते, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. 'सोस बाई' हे लोक तिची धावपळ बघून म्हणत नव्हते.

"आजी," तिनं नाकाब्बिरीचा हात धरला, "कोण गेलंय असं वाटतंय तुम्हाला?"

म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला. "असंच होतं पोरी. आपल्या घरचा गेला की आपल्यालाच आधी पटत नाही."

ती उठून आत धावली. तिला ओरडून सांगायचं होतं की हे प्रदर्शन आहे, सोडा आहे, केक आहे. पण रॉजर्सनं नेमका तेव्हाच पडदा ओढला.

•

पाटी ९. (ही तिनं लिहिलेली नाही.)
*न आलेला. केळीचा बुंधा, लुबुगो, दोरी. आकार: माणसाएवढा. रॉजर्स सेकिट्टो. एका बहिणीच्या आठवणीवरून.*

चौथऱ्यावर तो होता. तीन ठिकाणी बांधलेला. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं होतं, आणि रॉजर्स म्हणाला होता तसंच, साल पेटल्यासारखी दिसत होती.

मग पहिली बाई रडली आणि मग सगळ्याच. गोदामाला पत्र्याचं छप्पर आहे; त्याखाली शंभर बायका रडल्या की काय होतं ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पुरुष पुढं झाले आणि आपापला लुबुगो बुंध्यावर पांघरू लागले. "किबुकाच्या घरचं एक." "सालोंगोच्या घरचं एक." बुंधा बघता बघता जाड झाला, लठ्ठ झाला, श्रीमंत माणसाचं मढं असावं तसा.

रॉजर्सच्या हातात कॅमेरा होता आणि तो रडत होता.

"तू माझा भाऊ चोरलास," नब्बोसा त्याला म्हणाली.

"मी त्याचा मान राखला. बघ ना, बघ किती लोक—"

"त्यांना वाटतंय हे खरं आहे!"

"मग?" तो म्हणाला. "कलेनं दुसरं काय करायचं असतं?"

गर्दी दुभंगली. थोरले काका आत आले, कान्झूवर काळा कोट, हातात काठी. त्यांनी बुंध्याकडं बघितलं, मग पुतणीकडं.

"शाब्बास. तुझ्या आईला जमलं नाही ते तू केलंस."

"काका, हे चित्र आहे."

"काय आहे?"

"चित्र. यांनी केलेलं. लोकांनी बघावं म्हणून."

"बघितलं लोकांनी." काकांनी काठीनं भोवतालची गर्दी दाखवली. "ही माणसं चित्रासाठी रडतायत का? किबुकानं चित्राला लुबुगो दिला का? विचार त्याला."

किबुकानं मान हलवली. चित्राला दिला नव्हता.

"मग सोडा दोऱ्या," ती म्हणाली. "आत बघा. केळ आहे नुसती."

"केळच असते," काका म्हणाले. "तुझ्या आत्याच्या सासऱ्याच्या वेळी काय होतं? केळच होती. आज चौदा नातवंडं त्याच्या नावानं पाणी देतात. बांधलेलं सोडतात का कधी? सोड तू. घाल हात."

तिनं हात पुढं केला. सगळी वस्ती बघत होती. हात दोरीपर्यंत गेला नाही.

रॉजर्स मधे पडला. "सर, एक विनंती. हे महिनाभर इथंच राहू दे. गुरुवारी संस्थेचे मोठे पाहुणे येणार आहेत."

"महिनाभर मढं ठेवायला हा काय राजवाडा आहे?" काका म्हणाले. कुणीतरी रडता रडता हसलं. "खड्डा सकाळीच तयार झालाय, याच्या बापाशेजारी. उचला रे."

उचललं. रॉजर्स तेवढा एक क्षण गांगरला. मग कॅमेरा डोक्याच्या वर धरून मिरवणुकीच्या पुढं पळत सुटला, उलटा, ठेचकाळत.

•

घराच्या मागं, केळीच्या बागेत.

नामाटोवू खड्ड्याच्या कडेला बसली होती. तिनं डोक्याला काही बांधलं नव्हतं, रडतही नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावर एक मोकळेपणा होता, आजारी माणसाचा ताप उतरतो तसा. नब्बोसाच्या ध्यानात आलं, ही वाट बघत होती. कोणीतरी हे करावं म्हणून ही रोज वाट बघत होती. लुकाया गावात दुकान असलेला एक मनुष्य हिला लग्नाचं विचारत होता हे वस्तीत कोणाला माहीत नव्हतं? पण मेला नाही त्याची बायको कुठं जाणार?

काका बोलायला उभे राहिले. नाव घ्यायचं, कुळ सांगायचं, बाप-आजा सांगायचा, मग माती.

"आज आपण—"

रस्त्यावर टॅक्सी थांबली. आई उतरली. डोक्यावर कालिसिझोहून आणलेल्या रताळ्यांचं गाठोडं. ते तिनं खाली ठेवलं नाही. तशीच ती गर्दीतून आली आणि गर्दी बाजूला होत गेली.

तिनं खड्डा बघितला, बुंधा बघितला. विचारलं नाही की कोणाचा.

"कोणी बांधलं?"

"मी नाही आई. त्या रॉजर्सनं—"

"त्याला कुणी सांगितलं?"

नब्बोसानं बुंध्याच्या दोऱ्यांकडं बघितलं.

"लोकांना कुणी बोलावलं?"

"मी."

"दारात गुडघे कुणी टेकले?"

"मी."

"म्हणजे याला नाव द्यायचं बाकी आहे एवढंच," आई म्हणाली.

काका पुढं सरसावले. "मुबिरूची आई, आता हट्ट नको. लोकांनी लुबुगो आणलाय, तो घरी परत जात नाही. ऊन उतरलं. आज नाव घ्यायलाच पाहिजे."

"घेते ना. आई आहे मी. पहिली हाक माझी, तुमची नाही."

तिनं गाठोडं उतरवलं. दोन्ही हात डोक्यावर घेतले. खड्ड्याच्या कडेला उभी राहिली आणि अशी हाक मारली की बागेतले करकोचे उडाले.

"नब्बोसा! अगं माझी नब्बोसा! माझी थोरली गेली हो!"

नाकाब्बिरीच्या तोंडातला हुंदका तिथंच थांबला.

"मुबिरूची आई," काका हळू आवाजात म्हणाले, "ती समोर उभी आहे."

"कोण?"

"नब्बोसा."

"मला तर कुणी दिसत नाही." आईनं तिच्याकडं, नेमकं तिच्याकडं, बघितलं. "तुम्हाला मढ्याला नाव हवं होतं. दिलं. माझ्या घरून एकच नाव जाईल, ते हे. माझ्या मुबिरूला जो हात लावेल त्याला मी याच खड्ड्यात घालीन. बोला, कुणी लावतंय?"

नब्बोसानं तोंड उघडलं. सोपं होतं. मी जिवंत आहे, एवढंच म्हणायचं. पण मग काका विचारणार, ही नाही तर हा कोण? आणि घरात दुसरं नाव एकच होतं. तिला खात्री होती की तो भाऊ तळाच्या चिखलात केव्हाच मासळीनं खाल्लाय. तिला हेही दिसत होतं की आईला हे तिच्याइतकंच ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर तिनं इतक्या जोरात हाक मारली नसती.

तिनं तोंड मिटलं.

ऊन बागेच्या शेंड्यांवर गेलं होतं. लुबुगो परत न्यायचा नव्हता. नाकाब्बिरीनंच सुरुवात केली, आधी हळू, "नब्बोसा गं, गुणाची होतीस—" आणि मग बाकीच्यांनी सूर धरला. किबुका शेजारच्याला म्हणाला, "जिवंत माणसाला रडायचं म्हणजे जोर जास्त लागतो बघ." त्यानं तो जोर लावलाही. काकांनी कुळ सांगितलं, बाप सांगितला, आजा सांगितला. त्यांचा आवाज रागानं थरथरत होता, पण एकही नाव चुकलं नाही. माती पडू लागली. पहिली मूठ आईची.

रॉजर्सनं सगळं टिपलं.

•

पाटी ९, सुधारित.
*रिकामा चौथरा. साहित्य: समाज.*

गुरुवारचे पाहुणे चौथऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. पडद्यावर बागेतलं चित्रण चालू होतं. एकीनं विचारलं, ज्या स्त्रीचं नाव पुकारतायत ती कोण? रॉजर्सनं नब्बोसाला पुढं केलं. पाहुणीनं तिला मिठी मारली, तिचे दोन्ही हात धरले, आणि पुढच्या वर्षीही असंच काहीतरी करा म्हणाली.

वस्तीत तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. वाईट वागायला समोर माणूस लागतं. दुकानात गेली तर दुकानदार तिच्या मागच्याला विचारी, काय हवंय. पोरं तिच्या अंगावरून चेंडू मारीत. एकदा नाकाब्बिरी वाटेत दिसली. म्हातारीनं डोळे मिटून घेतले आणि तोंडानं काहीतरी पुटपुटली, भूत दिसल्यावर पुटपुटतात तसं, पण मायेनं.

ती घरी गेली. जावंच लागलं, कपडे तिकडंच होते.

आई अंगणात मटोके सोलत होती. नब्बोसा चटईच्या कडेला गुडघ्यांवर बसली. "आई, बरी आहेस ना?"

आईनं एक केळं सोललं. दुसरं सोललं. सुरी पुसली. "नामाटोवू," तिनं आत हाक मारली, "कोंबड्या ओरडल्यासारख्या वाटल्या. दार लाव."

नामाटोवू बाहेर आली. तिच्या हातात नब्बोसाच्या कपड्यांची पिशवी होती, आधीच बांधलेली. ती तिच्याबरोबर केळीच्या बागेतून रस्त्यापर्यंत चालत आली. नव्या मातीच्या ढिगाऱ्याजवळून जाताना दोघींनी तिकडं बघितलं नाही.

"वहिनी," नब्बोसा म्हणाली, "मला वाटलं नव्हतं असं होईल."

"मला वाटलं होतं," नामाटोवू म्हणाली. "सकाळी खड्डा खणताना आवाज आला ना, तेव्हा मला वाटलं, आज सुटले. मी अंघोळ केली. खरं सांगते, मी अंघोळ केली, केस विंचरले. लुकायाला निरोप धाडायला पोरगा शोधत होते."

नब्बोसानं पिशवीसाठी हात पुढं केला. नामाटोवूनं ती सोडली नाही.

"तू मेलीस, तुझं झालं. पाट्या लिही, पाहुण्यांना दाखव स्वतःला. मी?" तिनं बागेपलीकडं मान वळवली. तिथं आई आता काहीतरी मोठ्यानं सांगत होती, कोणालाच नाही. "आता ती कुणालाही बुंधा कापू देणार नाही. मी म्हातारी होईपर्यंत नाही. तू मेलीस, आणि तुझा भाऊ मात्र आता कधीच मरत नाही."

तिनं पिशवी नब्बोसाच्या पायाशी, धुळीत ठेवली, हातात दिली नाही. मग कमरेचा पट्टा आवळला आणि सैपाकाला उशीर झाला म्हणत आत गेली.